हिवाळ्यात एसीचं आउटडोअर युनिट गुंडाळून ठेवताय? आधी हे वाचा

दिवाळी आटोपली की आमच्या बाळापुरात घरोघरी एकच काम निघतं: कुलर गुंडाळणं. टाकी रिकामी करायची, गवत काढून टाकायचं, आत एकदा फडकं मारायचं आणि खताच्या धुतलेल्या पोत्यात किंवा ताडपत्रीत कुलर बांधून ठेवायचा. होळीपर्यंत त्याच्याकडे कोणी बघत नाही. मी लहानपणापासून हे बघत आलोय आणि हे बरोबरच आहे.

प्रश्न गेल्या काही वर्षांत आलाय. जुन्या मातीच्या, धाब्याच्या घरांच्या जागी स्लॅबची घरं आली, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि कुलरसोबत एसीही आला. मी नोकरीसाठी पुण्यात असतो. गावाकडून दर नोव्हेंबरला एक तरी फोन येतोच, "काय रे, एसीच्या बाहेरच्या डब्याले पन्नी बांधू का? कुलरले बांधतो, तं याले कावून नाही?" युट्यूबवर शोधलं तर पहिले दहा व्हिडिओ सांगतात की हो, हिवाळा आला, एसी झाका. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

थेट उत्तर हवं असेल तर हे घ्या: पन्नीत पूर्ण गुंडाळू नका. वरून पाऊस-कचरा अडवेल एवढं झाकण चालेल, तेही नसलं तरी चालेल. वऱ्हाडात एसीला थंडीपासून काहीही धोका नाही. धोका उंदरापासून, धुळीपासून, पन्नीत कोंडलेल्या ओलाव्यापासून आणि चुकून सुरू होणाऱ्या एसीपासून आहे. आता यातलं एकेक बघू.

ते व्हिडिओ आपल्यासाठी नाहीत

मोबाईलवर दिसणारे बहुतेक व्हिडिओ अमेरिका-कॅनडातले असतात किंवा तिथल्या सल्ल्याचं हिंदी भाषांतर असतं. तिथे बर्फ पडतो, छतावरून बर्फाचे सुळके थेट युनिटच्या पंख्यावर कोसळतात, झाडांची ओली पानं आत जाऊन कुजतात. तिथल्या बऱ्याच युनिटचा पंखा आकाशाकडे तोंड करून असतो, त्यामुळे वरून काहीही आत पडू शकतं. आपल्याकडच्या स्प्लिट एसीचा पंखा समोर असतो, डोक्यावर पक्का पत्रा असतो. म्हणजे "वरून झाका" या सल्ल्यातलं निम्मं काम कंपनीने आधीच करून दिलंय.

आणि थंडी? आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री १०-१२ अंश, एखाद्या लाटेत त्याच्याही खाली. दुपारी मात्र २८-३० अंश असतात. यात एसीचं काहीच गोठत नाही. कुलरमध्ये पाणी असतं, एसीच्या पाइपमध्ये गॅस असतो. सध्याच्या बऱ्याच एसीमध्ये आर-३२ नावाचा गॅस येतो, तो साध्या हवेच्या दाबाला उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो. त्याला बाळापूरची थंडी म्हणजे भर उन्हाळाच.

इथेच एक गैरसमज काढून टाकतो. "हिवाळ्यात बंद ठेवला की गॅस उडून जातो" असं अनेक जण सांगतात. गॅस बंद तांब्याच्या नळीत असतो, तो उडत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरून देणारा मेकॅनिक भेटला, तर मेकॅनिक बदला.

पन्नीच्या आत काय होतं

आउटडोअर युनिट चार महिन्यांच्या पावसात उघड्यावर उभं राहायलाच बनवलेलं असतं. बऱ्याच युनिटच्या स्टिकरवर आयपीएक्स४ असं छापलेलं सापडेल. त्याचा अर्थ, कोणत्याही बाजूने पाण्याचे शिंतोडे आले तरी आतल्या विजेच्या भागांना त्रास होऊ नये अशी रचना. पाणी आत येतं, तळाच्या भोकांतून बाहेर जातं आणि हवेने सगळं सुकतं. या सगळ्या व्यवस्थेचा जीव हवेत आहे.

आता त्यावर पन्नी घट्ट बांधा. दिवसा उन्हाने आतली हवा तापते. फिन्समध्ये अडकलेली ओली माती, खालची जमीन, तळात राहिलेलं पाणी, सगळ्याची वाफ होते. रात्री पन्नी आकाशाखाली पटकन थंड पडते आणि तीच वाफ थेंब होऊन परत आत बसते. सकाळी शेतातल्या मल्चिंग पेपरच्या खालच्या बाजूला थेंब बघितलेत ना, तसंच. फरक इतकाच की शेतात ती ओल पिकासाठी कामाची असते, इथे तिच्याखाली तांब्याची नळी, ॲल्युमिनियमच्या पातळ फिन्स, लोखंडी तळ आणि स्क्रू असतात. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले असले आणि मध्ये ओल असली की त्यातला एक हळूहळू खाल्ला जातो. तांबं आणि ॲल्युमिनियममध्ये खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम. तुम्ही पन्नी बांधून ही प्रक्रिया रोज रात्री, चार महिने चालू ठेवता.

कुलरचं असं का होत नाही? होतं की. कुलरचा पत्रा गंजतोच, पण आपण दोन-तीन वर्षांनी त्याला रंग मारतो आणि विसरतो. शिवाय कुलर पूर्ण कोरडा करून, बहुतेक वेळा घरात किंवा ओसरीत ठेवलेला असतो. एसीला रंग मारून चालत नाही.

उंदीर: खरा शत्रू

माझ्या मते हिवाळ्यात एसीचं सगळ्यात मोठं नुकसान उंदीर करतात, आणि पन्नी त्यांना आमंत्रण देते.

विचार करा. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघतं, मग कापसाची वेचणी, जानेवारीच्या आसपास तूर. शेतं रिकामी होत जातात, धान्य घरात येतं आणि उंदीरही मागोमाग येतात. बाहेर रात्री थंडी. अशा वेळी अंगणात चारही बाजूंनी बंद, वाऱ्यापासून सुरक्षित, कोणी हलवत नाही असा डबा. वरून आत काळ्या फोमचं मऊ आवरण, घरट्यासाठी तयार गादी. खारी आणि पालींनाही ही जागा आवडते.

आमच्या गल्लीतल्या एका घरी हेच झालं. नोव्हेंबरमध्ये पन्नी आणि वरून चादर, अगदी प्रेमाने बांधलेली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उघडली तर आत कापसाचं घरटं, दोन वायरी कुरतडलेल्या आणि सर्किट बोर्ड गेलेला. घरात आजारी आजोबा. नवीन बोर्ड येऊन बसेपर्यंत नऊ दिवस गेले. तोवर कुलर बाहेर काढला, पण आजोबांच्या खोलीला खिडकीच नव्हती, आणि कुलरला ताजी हवा लागते. शेवटी त्यांना काही दिवस अकोल्याला मुलीकडे न्यावं लागलं. एसी दुरुस्त झाला, पण बोर्डाचा खर्च खिशातून गेला. वॉरंटी शिल्लक होती, तरी उंदीर-किड्यांनी केलेलं नुकसान बहुतेक वॉरंटींमध्ये धरतच नाहीत. तुमच्या वॉरंटी कार्डाची मागची बाजू वाचून बघा, बारीक अक्षरात सापडेल.

इन्व्हर्टर एसीमध्ये ही गोष्ट जास्त महाग पडते, कारण कंप्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा मुख्य बोर्ड बाहेरच्या युनिटमध्येच असतो. एक पाल दोन टोकांना एकाच वेळी चिकटली तरी तो जळू शकतो.

मग करायचं काय? उंदराला अंधार, ऊब आणि शांतता हवी असते, त्यातलं एकही देऊ नका. युनिट उघडं राहू द्या. आजूबाजूला पऱ्हाटीचा ढीग, विटा, जुने टायर ठेवू नका. पाइप ज्या भोकातून घरात जातात, तिथे लावलेली पुट्टी उंदीर सहज कुरतडतो. आधी भांडी घासायची तारेची घासणी ठासून भरा, वरून पुट्टी किंवा सिमेंट लावा. पाणी बाहेर टाकणाऱ्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर गांधीलमाश्या किंवा मुंग्या त्यात घर करतात आणि उन्हाळ्यात घरातल्या युनिटमधून भिंतीवर पाणी गळायला लागतं. डांबर गोळ्या टाकायचा सल्लाही खूप जण देतात. उघड्या हवेत त्या काही आठवड्यांत उडून जातात आणि घरात लहान मुलं असतील तर उगाच धोका. मी तरी टाकणार नाही.

धूळ, कुटार आणि कापूस

आपल्या भागातली धूळ साधी नसते. बाळापूर महामार्गावर आहे, ट्रक दिवसरात्र चालू. तालुक्यातच पारसचं औष्णिक वीज केंद्र आहे, २५० मेगावॉटचे दोन संच, कोळशावर चालणारे, म्हणजे राख आली. त्यात ऑक्टोबरमध्ये मळणीयंत्र चालू झालं की सोयाबीनचं बारीक कुटार हवेत, आणि मग कापसाचे तंतू. उन्हाळा-पावसाळ्यात एसी चालवून फिन्समध्ये जी माती बसली, तिच्यावर हे सगळं जाऊन चिकटतं. चार महिने तसंच ठेवलं तर त्याची पापुद्र्यासारखी चादर तयार होते. मग मार्चमध्ये एसी "थंड करत नाही" अशी तक्रार येते. उष्णता बाहेर टाकायची वाटच बंद, थंड होणार कुठून?

म्हणून मी घरी सांगून ठेवलंय: धुणं नोव्हेंबरच्या शेवटी, सोयाबीनची मळणी संपल्यावर, ऊन चांगलं असलेल्या दिवशी सकाळी. आधी रिमोटने एसी बंद, मग एमसीबी खाली, मग किमान दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. साध्या बागेच्या पाइपने, हलक्या धारेने, मागच्या आणि बाजूच्या फिन्सवर वरून खाली पाणी सोडायचं. गाडी धुवायचं प्रेशर मशीन अजिबात नको, फिन्स कागदासारख्या असतात, एका फटक्यात वाकतात आणि मग हवा जातच नाही. ज्या बाजूला वायरींचं झाकण आहे तिथे पाणी मारू नका. धुवून झालं की दिवसभर उन्हात सुकू द्या.

स्क्रू काढून आत हात घालायचं धाडस मात्र करू नका. इन्व्हर्टर बोर्डवर मोठे कपॅसिटर असतात. घरातली २३० व्होल्ट वीज आत सरळ प्रवाहात बदलली की ती ३०० व्होल्टच्या वर जाते, आणि एमसीबी पाडल्यावरही काही वेळ कपॅसिटरमध्ये साठून राहते. आत तसा इशाऱ्याचा स्टिकरही असतो. ते काम टेक्निशियनचं.

काळी जमीन सरकते

हा मुद्दा मला कुठल्याच व्हिडिओत दिसला नाही, पण वऱ्हाडात ज्यांचं युनिट अंगणात, जमिनीवरच्या ओट्यावर किंवा स्टँडवर आहे त्यांनी जरूर बघावा. आपली काळी माती पावसात फुगते आणि दिवाळीनंतर सुकायला लागली की आकसते, भेगा पडतात. उन्हाळ्यापर्यंत त्या भेगेत हात जाईल एवढी ती फाटते. त्यावर ठेवलेला हलका ओटाही एका बाजूला बसतो. युनिट कललं की त्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्यांवर ताण येतो, आणि जिथे नळी नटने जोडलेली असते तिथून गॅस हळूहळू गळतो. वर ज्या गळतीबद्दल बोललो, ती अनेकदा इथे सापडते. जोडावर तेलकट डाग दिसला तर समजा, गॅससोबत थोडं तेलही बाहेर येतं.

यासाठी मोबाईल पुरे. आयफोनमध्ये मेझर ॲपमध्ये लेव्हल असते, अँड्रॉइडवर फुकटची लेव्हल ॲप्स भरपूर आहेत. युनिटच्या डोक्यावर फोन आडवा ठेवा, किती अंश कललंय ते दिसेल, स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. नोव्हेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीच्या शेवटी, तीन वेळा. आकडा वाढत असेल तर ओटा नीट करून घ्या. भिंतीला ब्रॅकेटवर लावलेलं असेल तर ही चिंता नाही, तिथे फक्त नट-बोल्टचा गंज बघा.

स्मार्ट एसीवाल्यांसाठी वेगळी गोष्ट

आता फोनवरून चालणारे एसी गावातही आले. उन्हाळ्यात आपण शेड्युल लावतो: रात्री साडेदहाला चालू, पहाटे पाचला बंद. हिवाळ्यात ते शेड्युल कोणी काढत नाही. किंवा पुण्यात बसलेला मुलगा ॲपमध्ये दुसऱ्याच बटणाला हात लावतो आणि बाळापुरात एसी सुरू होतो. बाहेर युनिट पन्नीत बांधलेलं. पंख्याला हवा मिळत नाही, उष्णता बाहेर जात नाही, नळीतला दाब चढत जातो. नशीब चांगलं तर एसी एरर दाखवून बंद पडतो. असं पुन्हा पुन्हा झालं तर कंप्रेसर आणि बोर्ड दोघांचं आयुष्य कमी होतं. पन्नीची दोरी सैल असेल तर ती पंख्यात गुंततेही.

यात एक आणखी बारकावा आहे, ऑटो रीस्टार्ट. वीज गेली आणि आली की बरेच एसी आधीच्या स्थितीत आपोआप सुरू होतात. त्यामुळे चालू एसी थेट एमसीबीने बंद केला, तर तीन महिन्यांनी कोणी एमसीबी वर केली की एसी रिमोटशिवाय सुरू होऊ शकतो. म्हणून आधी रिमोट, मग एमसीबी, हा क्रम मोडायचा नाही.

तर ॲपमधली सगळी शेड्युल बंद करा, व्हॉइस असिस्टंटमध्ये काही रुटीन असेल तर तेही. मग एमसीबी खाली. ॲपवर एसी ऑफलाइन दिसेल, ते बरोबरच आहे, घाबरून परत जोडत बसू नका. एमसीबी पाडण्याचा फायदा दुहेरी. विजेच्या झटक्यांपासून बोर्ड वाचतो, आणि बंद एसी जी थोडी वीज खात राहतो ती वाचते. समजा तो ५ वॅट खातो, तर १२० दिवसांत १४.४ युनिट होतात. फार नाही, पण सोबत स्टॅबिलायझरही चालूच असतो, तो आपली वेगळी वीज खातो.

एक अपवाद: तुमचा एसी गरम हवाही देणारा असेल आणि हिवाळ्यात तुम्ही तो वापरत असाल, तर बाहेरचं युनिट अजिबात झाकायचं नाही. तेव्हा ते बाहेरच्या हवेतून उष्णता ओढून आत आणत असतं. बाळापुरात असे एसी थोडे, पण उत्तरेत किंवा परदेशात राहणारा दादा-वहिनी विचारतील, तेव्हा हे सांगा.

बंद करण्याआधी, आणि मधल्या काळात

घरातल्या युनिटबद्दल थोडक्यात. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की हंगाम संपल्यावर कोरड्या दिवशी काही तास फक्त फॅन मोडवर चालवा, म्हणजे आतली ओल सुकेल आणि मार्चमध्ये पहिल्याच दिवशी कुबट वास येणार नाही. फिल्टर धुवून सुकवून परत बसवा. रिमोटमधले सेल काढून ठेवा, गळले तर रिमोट जातो. मॅन्युअल हरवलं असेल तर युनिटच्या स्टिकरचा फोटो काढून मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाका, पीडीएफ मिळते.

आणि झाकणाचं म्हणाल तर बाजारात फक्त वरच्या भागाचं कव्हर मिळतं, किंवा प्लायचा तुकडा वर ठेवून वीट ठेवली तरी तेच काम होतं. बाजू मोकळ्या हव्यात. वर झाड असेल, कबुतरं बसत असतील तर लावा. नाहीतर पैसे वाचवा.

मला विचाराल तर कोणत्याही कव्हरपेक्षा चांगला उपाय फुकटचा आहे. महिन्यातून एकदा, दुपारी बारा ते तीनच्या मध्ये, युनिटवर काही नाही ना हे बघून एसी पंधरा मिनिटं कूलिंगवर चालवायचा. दुपारी आपल्याकडे तापमान पुरेसं असतं, रात्री चालवू नका. कंप्रेसरमधलं तेल फिरतं, आत घर करायला बघणारा उंदीर पळतो आणि काही बिघडलं असेल तर ते मार्चऐवजी जानेवारीत कळतं. सुरू करण्याआधी फोनचा टॉर्च लावून मागच्या बाजूचा आणि पंख्याच्या जाळीतून आतला व्हिडिओ काढा. डोळ्याला न दिसणारं घरटं व्हिडिओत दिसतं. फोनमध्ये रिमाइंडर लावा, आणि तुम्ही बाहेरगावी असाल तर आई-बाबांच्या फोनमध्ये लावा.

पहिली खरी चाचणी महाशिवरात्रीच्या सुमारास घ्या. एमसीबी वर करा, मॅन्युअलमध्ये थांबायला सांगितलं असेल तेवढा वेळ थांबा, मग २४ वर अर्धा तास चालवा. बाहेरचा पंखा फिरतोय का, खडखड आहे का, बाहेर येणारी हवा गरम लागते का, आणि आत डिस्प्लेवर काही कोड येतो का ते बघा. कोड आला तर एसी पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. कोडचा फोटो, स्टिकरचा फोटो आणि आवाजाचा छोटा व्हिडिओ एकत्र टेक्निशियनला व्हॉट्सॲप करा, म्हणजे तो अकोल्याहून येताना लागणारा पार्ट सोबत घेऊनच निघेल. फेब्रुवारीत तो दुसऱ्या दिवशी येतो. एप्रिलमध्ये तोच आठवड्याभराची तारीख देतो.